उतरत्या अंगाचे कपडे

प्रश्न: मी नाशिकला एका पतसंस्थेत काम करते. वय ४१. जूनमध्ये माझं स्लीव्ह गॅस्ट्रेक्टॉमीचं, म्हणजे वजन उतरवण्यासाठी जठर लहान करण्याचं, ऑपरेशन झालं. तेव्हा वजन ११८ किलो होतं, आज ९१ आहे. तब्येत छान आहे, गुडघे दुखायचे थांबलेत. पण एकही कपडा अंगावर ठरत नाही. कुर्ते खांद्यावरून घसरतात, ब्लाउजात आणखी एक बाई मावेल अशी गत आहे, परवा काउंटरवरून उठताना लेगिंग हाताने धरूनच उठले. ऑपरेशनमध्ये साठवलेले पैसे संपले, वर थोडं कर्जही आहे. सासूबाई म्हणतात, 'वजन थांबेपर्यंत आहेत त्याच कपड्यांना पिना लाव.' फेब्रुवारीत धाकट्या दिराचं लग्न आहे. टेलर म्हणतो, ब्लाउज आत्ताच टाका, नंतर लग्नसराईत मी घेणार नाही. कमीत कमी पैशांत हे वर्ष कसं काढू?

उत्तर: ताई, सासूबाईंचं अर्धं बरोबर आहे. आज दुकानात जाऊन बेताच्या मापाचे चार ड्रेस घेतलेत तर संक्रांतीपर्यंत तेही ढगळ होतील. पण पिनांवर वर्ष निघत नाही. पिन लावली तिथे कापड फाटतं, आणि आसन गुडघ्यापर्यंत लोंबणारी सलवार घालून जिना उतरताना पाय अडकला तर ऑपरेशननंतर हे एक नवीनच दुखणं.

माझ्या धाकट्या जावेचं हेच ऑपरेशन झालंय. ती शाळेत शिकवते, आठवड्यातून दोन दिवस साडी सक्तीची. तिचे सगळे कपडे माझ्याच मशीनखालून गेले, त्यामुळे पुढचं काही ऐकीव नाही. औषधपाण्यातलं मात्र मला विचारू नका. वजन सुरुवातीच्या सहा महिन्यांत झपाट्याने उतरतं, मग वेग मंदावतो आणि वर्ष-दीड वर्षात साधारण थांबतं, असं तिच्या सर्जननी सांगितलं होतं आणि झालंही तसंच. म्हणजे महिन्या-महिन्याला माप बदलण्याचा तुमचा काळ बराचसा सरलाय.

या वर्षात कपडा विकत घेताना 'आज कसा बसतोय' हे दुय्यम धरा. तो अजून चार इंच आत घेता येईल का, हे आधी बघा. येत नसेल तर तो एक तर कुणाकडून फुकट मिळालेला असावा, नाही तर इतका स्वस्त की टाकताना जीव हळहळणार नाही.

एखाद्या रविवारी कपाट पलंगावर रिकामं करा. एकेक कुर्ता घालून आरशासमोर उभ्या राहा आणि फक्त खांद्याची शिवण बघा, बाकी काही नको. बाही जिथे जोडलीय ती शिवण खांद्याच्या हाडापासून बोटभर खाली आली असेल तर कुर्ता ठेवा. तीन बोटं खाली उतरली असेल तर त्याला रामराम. बाजू आत घेणं हे पंधरा मिनिटांचं काम आहे. खांदा चढवायचा म्हणजे बाही उसवा, मुंढा नव्याने आखून कापा, गळा सावरा, बाही पुन्हा लावा. याची मजुरी नव्या कुर्त्याच्या आसपास जाते आणि एवढं करून कपडा दिसतो तो उसनाच. टेलर उत्साहाने 'करून देतो की' म्हणाला तरी तुम्ही नको म्हणा.

जे कुर्ते ठेवाल ते उलटे घालून कुणाकडून तरी टाचण्या लावून घ्या. काखेपासून सुरुवात करायची आणि खाली जायचं, दोन्ही बाजू सारख्या. एकेका शिवणीला इंचभर आत घेतलं की घेरात चार इंच कमी होतात, कारण पुढचा आणि मागचा असे दोन्ही भाग आत जातात. दीड इंच घेतलंत तर सहा. त्याच्या पुढे जाऊ नका, मग छातीचे टक्स काखेकडे दिसायला लागतात आणि बाजूचे कट पोटावर येतात. टीप काखेतून तशीच बाहीत न्यायला सांगा, नाही तर दंडाला पिशवी लोंबते. दोन गोष्टी टेलरला बजावून सांगा: आतलं जास्तीचं कापड कापायचं नाही आणि इंटरलॉक करायचं नाही. दोन महिन्यांनी त्याच्या आत आणखी एक टीप मारायची वेळ येणारच आहे. वजन थांबलं की काय ते कापणं-बिपणं एकदाच. माझ्याकडे दोन्ही बाजू आत घ्यायचे ८० रुपये होतात, अस्तर असेल तर १२०. सहा कुर्ते एकदम दिलेत तर कुणीही टेलर थोडं सोडेल. हाताला सवय असेल तर घरी उलटी टीप घाला, चांगली टिकते. नुसता धावदोरा मात्र बसता-उठता तुटतो.

खालच्या कपड्यांना टेलर लागतच नाही. पलाझो किंवा इलॅस्टिकची पॅन्ट असेल तर कमरेच्या पट्टीत आतल्या बाजूने शिवणीजवळ बोटभर उसवा. तिथून इलॅस्टिक ओढून बाहेर काढा, दोन इंच एकावर एक चढवा, चार घट्ट टाके घाला आणि सोडून द्या. उसवलेलं तोंड शिवू नका, महिन्याने पुन्हा तिथूनच काम आहे. लेगिंगमध्ये बहुधा इलॅस्टिक पट्टीवरच शिवलेलं असतं, तिथे ही युक्ती चालत नाही. पट्टी वरून दुमडून घ्या, एक टीप मारा आणि सेफ्टी पिनने नाडी ओवा. सलवारीला नाडी असतेच, त्यामुळे कमरेचा प्रश्न नसतो. तिचं दुखणं आसनाचं. नेफा दोन इंच आणखी दुमडून पुन्हा शिवला की आसन वर येतं. उंची तेवढीच कमी होईल, ती चालतेय का हे आधी बघा.

आता माळ्यावरची पेटी. जिचं वजन हळूहळू वाढत गेलंय अशा प्रत्येक बाईच्या घरात 'पुढे कधीतरी होईल' म्हणून ठेवलेले कपडे असतात. जावेकडे लग्नानंतरच्या पहिल्या पाच-सहा वर्षांचे निघाले, काहींच्या घड्यासुद्धा मोडलेल्या नव्हत्या. तिने काय केलं, प्रत्येक कुर्त्याची छाती टेपने मोजली, चिठ्ठीवर आकडा लिहून टाचला आणि मोठ्यापासून लहानापर्यंत ओळीने रचून ठेवलं. हे आवर्जून करा. नाही तर होतं असं की एखादा आवडता ड्रेस 'अजून जरा घट्ट होतोय' म्हणून बाजूला राहतो आणि पुढच्या वेळी काढावा तर सैल झालेला असतो. मधल्या महिन्या-दीड महिन्यात तो घालायचा होता. महिन्यातून एकदा छाती, कंबर, नितंब आणि दंड टेपने मोजा. काटा कधी कधी दोन-तीन आठवडे हलत नाही तेव्हाही टेप सरकलेला दिसतो.

एवढं करूनही दोन-तीन कपडे विकत घ्यावे लागतील. एरवी मी कुणालाही 'एकच घे पण चांगलं घे' म्हणून सांगते. यंदा तुम्हाला उलट सांगेन. मेन रोडला नाही तर दहीपुलाकडे गल्लीत टांगलेले साडेतीनशेचे कॉटनचे कुर्ते घ्या. आठ-दहा धुण्यांत विटले तर विटू देत, तोवर तुम्हीच त्यातून बाहेर पडलेल्या असाल. सेट घेऊ नका, वरचं आणि खालचं वेगळं घ्या. ऑपरेशननंतर अंग सगळीकडून सारखं उतरत नाही, गळा, छाती आणि चेहरा आधी उतरतो आणि पोटावरची कातडी सैल राहते. वरून एल आणि खालून डबल एक्सएल असं माप बरेच महिने राहू शकतं आणि त्यात काही बिघडलेलं नाही. त्यातल्या त्यात अंगरखा पद्धतीचा, बाजूला नाड्यांनी बांधायचा कुर्ता मिळाला तर जरूर घ्या. अंग उतरेल तसा एक पदर दुसऱ्यावर जास्त चढतो आणि नाडी ओढली की झालं. जावेने असे दोनच शिवून घेतले होते, ते सगळ्यांत जास्त दिवस चालले. ती अजून घालते.

फक्त ब्रेसिअरच्या बाबतीत काटकसर नको. सैल पट्टी पाठीवर वर चढते, खांदे दुखतात, आणि घडीत घाम साचून कातडी सोलवटते. मागे तीन-चार रांगांचे हुक असलेली, आज सगळ्यांत बाहेरच्या हुकावर नीट बसणारी घ्या, म्हणजे आतल्या रांगा पुढच्या महिन्यांसाठी राहतात. सुती, दोनच. एक अंगावर, एक दोरीवर. कातडीला लाली किंवा वास आला तर मात्र डॉक्टरांना दाखवा, पावडर थापत बसू नका.

आता लग्न. साडीची काळजीच नको. कंबर कमी झाली की तीच साडी जास्त निऱ्या देते. जावेला पूर्वी जेमतेम चार निऱ्या यायच्या आणि पदर कमरेशी संपायचा, आता सात-आठ येतात आणि पदर गुडघ्याखाली जातो. परकर मात्र नवीन घ्या, मोठ्या घेराचा परकर नाडीने आवळला की पोटावर सगळ्या चुण्यांचा गठ्ठा होतो.

ब्लाउज आत्ता शिवू नका. टेलरला कापड, अस्तर, गळ्याचं चित्र सगळं आत्ता द्या, हवे तर निम्मे पैसेही देऊन ठेवा आणि तारीख बांधून घ्या: माप लग्नाच्या दहा दिवस आधी, फिटिंग चार दिवस आधी. टेलरला घाई नको असते ती कापड-अस्तर जुळवण्याची आणि गिऱ्हाइकाच्या मन बदलण्याची. ते आधीच उरकलं की साधा ब्लाउज शिवायला त्याला अर्धा दिवस पुरतो. मी स्वतः अशी कामं लग्नसराईत घेते. तुमचा नाहीच म्हणाला तर दुसरा बघा, पण नोव्हेंबरच्या मापावर फेब्रुवारीचा ब्लाउज शिवू नका. छातीला वाटीसारखा वेगळा तुकडा जोडलेला कटोरी ब्लाउज नको, कटोरीचं माप कमी करणं म्हणजे समोरचा भाग नव्याने शिवणं. साधा टक्सचा किंवा प्रिन्सेस कट घ्या, त्याला आत घ्यायला शिवणी मिळतात. मागून दोरीने बांधायचा गळा करा आणि बाजूला दीड इंच माया, म्हणजे शिवणीच्या आत जास्तीचं कापड, ठेवायला सांगा. बाही कोपरापर्यंत असू द्या, दंडाची कातडी सध्या सैल असेल, आखूड बाहीच्या काठाला ती काचते. आणि तिन्ही दिवस तीन ब्लाउज हवेतच असं कुणी सांगितलं? लग्नाच्या मुख्य साडीवर एक शिवलेला, बाकी हळदीला आणि पूजेला होजिअरीचे ताणणारे तयार ब्लाउज मिळतात, तीनशे-साडेतीनशेला. काळा आणि सोनेरी घेतलात तर बहुतेक साड्यांवर जातात.

दागिन्यांकडे लक्ष असू द्या. अंगठी हात धुताना कधी गळून पडली ते कळत नाही. सोनाराकडे माप कमी करायला आत्ता देऊ नका, आतल्या बाजूने दोरा गुंडाळा किंवा सरळ काढून ठेवा. पाटल्या तर लग्नाच्या गर्दीत घालूच नका. आणखी एक, वजन उतरताना थंडी फार वाजते, आणि तुमच्याकडे निफाडच्या बाजूने येणारा गारठा काही साधा नाही. स्वेटर नवा घेऊ नका, शाल घ्या. तिला साइज नसते आणि ती लग्नात आहेर म्हणूनही मिळते.

सहा कुर्त्यांची बाजू, दोन कुर्ते, दोन ब्रेसिअर, परकर आणि दोन तयार ब्लाउज असं सगळं धरून तीन हजारांच्या आसपास बसावं. शिवायचा ब्लाउज वेगळा. सासूबाईंना हा हिशेब दाखवा, ऐकतील.

प्रश्न: मी छत्रपती संभाजीनगरला एका औषध कंपनीत विक्री प्रतिनिधी आहे. मधुमेहामुळे वजन उतरवण्याची, पोटाची बायपास प्रकारची शस्त्रक्रिया करून घेतली, सात महिन्यांत १३६ किलोंवरून १०३ वर आलो. कंबर ४८ची ४० झाली. रोज डॉक्टरांना भेटायचं, शर्ट खोचून जावं लागतं. टेलरने पॅन्ट इतकी आत घेतली की मागचे दोन्ही खिसे एकमेकांना चिकटले. सहकारी हसतात. दर दोन महिन्यांनी नव्या पॅन्ट घेणं परवडत नाही.

उत्तर: भाऊ, तुमच्या टेलरचा तरी काय दोष, ४८च्या पॅन्टमधून ४० काढायला सांगितल्यावर दुसरं काय होणार. पुरुषांच्या पॅन्टला माया असते ती मागच्या मधल्या शिवणीत. तिथून दोन इंच, फार तर अडीच इंच आत जातात. त्यापुढे खिसे मध्ये सरकतात, बाजूची शिवण मागे फिरते आणि इस्त्रीची घडी पायाच्या आतल्या अंगाला वळते. त्या पॅन्ट आता सोडा.

पुढच्या दोन पॅन्ट शिवून घ्या, तयार नको, आणि टेलरला सांगा: मागे खिसा नको. पाकीट पुढच्या खिशात ठेवा, कमरेलाही बरं. मागे खिसाच नसला की तीन-चार इंचांपर्यंत आत घेता येतं आणि कुणाला कळत नाही. मधली माया भरपूर ठेवायला सांगा, कमरपट्टी मागे मध्यावर जोडलेली हवी, अखंड नको, नाही तर प्रत्येक वेळी अख्खी पट्टी उसवावी लागते. समोर एकेक चुणी घ्या. चुणीची पॅन्ट सैल झाली तरी ती तशीच शिवलीय असं वाटतं. रंग एकाच कुळातले, एक करडा आणि एक काळा, म्हणजे सगळे शर्ट दोन्हींवर जातील.

पट्ट्याला खिळ्याने भोकं पाडत बसू नका, टोक पाठीमागपर्यंत फिरतं आणि फार वाईट दिसतं. बकलाकडची बाजू उघडते, तिथून चार इंच कापून बकल पुन्हा बसवायचं. चौकातला चांभार दहा मिनिटांत करून देतो. गॅलिस, म्हणजे पॅन्ट धरून ठेवणारे खांद्यावरचे पट्टे, लावायची हौस असेल तर लावा, कोटाखाली दिसत नाहीत आणि पॅन्ट अगदी सरळ लोंबते, पण आपल्याकडच्या उन्हाळ्यात कोट कोण घालतो.

शर्टाची गोष्ट कॉलरवर ठरते. गळ्याचं बटण लावून आत दोन बोटं गेली तर ठीक, सगळा हात गेला तर तो शर्ट घरी घालायचा झाला. बाजू आत घेता येतात, पाठीवर दोन टक्स घेता येतात, कॉलर मात्र कुणी बारीक करून देत नाही. तुमच्या कामात समोरचा माणूस गळ्याकडेच बघतो, तेव्हा पैसे घालायचेच असतील तर शर्टात घाला. एका वेळी तीन, जास्त नकोत, फिकट रंगाचे. टाय लावत असाल तर कॉलर आणखी सैल दिसते, या काळात साहेबांची परवानगी काढून टायला सुट्टी द्या.

प्रश्न: माझ्या आईचं वजन ऑपरेशननंतर वर्षभरात ४० किलोंनी कमी झालं. आता ती उत्साहाच्या भरात जुने सगळे कपडे देऊन टाकायला निघालीय, अगदी रेशमी साड्यांवरचे ब्लाउजसुद्धा. मला वाटतं थोडे ठेवावेत. कोण बरोबर? (कोल्हापूर)

उत्तर: कुर्ते आणि गाऊनच्या बाबतीत आई बरोबर. एकही ठेवू नका, घरातली जागा अडते. मात्र ते बोहारणीला देण्याआधी आईच्या डॉक्टरांकडे विचारा, अशा पेशंटांचा एखादा व्हॉट्सॲप ग्रुप बहुधा असतो. चार एक्सएलचा कुर्ता बाजारात शोधायला किती चपला झिजतात हे आईला माहीत आहे. ऑपरेशन नुकतंच झालेल्या बाईला ते दोन महिने वापरायला मिळाले तर तिचे पैसे वाचतील, मग ती पुढे देईल. पोटावरच्या जखमा ओल्या असताना पुढून उघडणारे सैल गाऊन तर फारच कामाचे असतात, ते आधी द्या. विटलेल्या सुती साड्या असतील तर गोधडी शिवणाऱ्या बाईकडे टाका, आणि उरलेलं बोहारणीच्या टोपलीत. एखादं पातेलं येईल.

ब्लाउजच्या बाबतीत तुम्ही बरोबर. पैठणीवरचा जुना ब्लाउज म्हणजे त्याच साडीतून निघालेलं कापड. ते काठ आणि तो रंग पुन्हा मिळायचा नाही. मोठ्या मापाचा ब्लाउज पूर्ण उसवला की त्याच्या पाठीतून, पुढच्या भागांतून आणि बाह्यांतून लहान मापाचा अख्खा ब्लाउज कापून निघतो, जोड लावावा लागत नाही. रेशमावर जुन्या टिपेच्या भोकांची रेघ राहते, पण नवीन माप लहान असल्याने ती शिवणीत नाही तर कातरणात जाते. आईचं वजन सलग तीन-चार महिने एकाच आकड्यावर आलं की ब्लाउज घेऊन टेलरकडे जा, आणि उसवायचं काम घरी करून न्या. ब्लेडने नको, उसवणीने, आणि अस्तर आधी.